कुशीवर, पालथं, उताणं

मित्रांनो, माझ्यावर कुणी हसत येऊन आडवं झालं, असं मला आठवत नाही. मी एक जुनं टेबल आहे, शस्त्रक्रियेचं. टायग्रिसच्या काठी अमारा नावाचं गाव आहे. तिथल्या एका इस्पितळात मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी आलो. आता माझ्या अंगावरचा पांढरा रंग पोपडे धरून निघाला आहे आणि चारांपैकी एक चाक फिरत नाही.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथं माणसं बोलायला लागली की तोंडातून वाफ निघायची. मला जहाजात घालून बसऱ्याच्या बंदरात उतरवलं, आणि मालमोटारीतून मी अमाऱ्याला पोहोचलो. जुलै महिना होता. खोकं उघडलं तेव्हा माझं पोलाद इतकं तापलं होतं की हमालानं हात लावताच मला एक सणसणीत शिवी दिली. या गावाचा मी ऐकलेला पहिला शब्द तो.

माझ्यात एक खास सोय होती. माझ्या मधोमध एक आडवी पोलादी पट्टी बसवली होती. बाजूचा दांडा फिरवला की ती हळूहळू वर उचलली जायची. रोग्याला कुशीवर निजवून पट्टी वर केली की त्याची कंबर कमानीसारखी वाके आणि बरगड्यांखालची जागा ताणून मोकळी होई. मूत्रपिंड तिथंच आत दडलेलं असतं. परिचारिकांनी त्या पट्टीचं नाव 'उंट' ठेवलं. "उंटाला उठवा गं," अशी हाक आली की समजायचं, आज कुणाचा तरी मुतखडा निघणार.

अमाऱ्यात मुतखड्यांना तोटा नव्हता. उन्हाळ्यात अंगातलं सगळं पाणी घामावाटे जायचं. विहिरींचं पाणी मचूळ, म्हणून लोक पाण्याऐवजी छोट्या पेल्यांतून साखर घातलेला काळा चहा प्यायचे. डॉ. हिकमत हे तिथले खड्यांचे डॉक्टर. तेव्हा जेमतेम तीस वर्षांचे होते. हात नावाड्यासारखे रुंद, पण टाका घालायला लागले की ते हात एखाद्या चटई विणणाऱ्या बाईचे वाटायचे. त्यांनी माझ्यावर शेकडो कुशी उघडल्या. गावात म्हणत, हिकमतच्या उंटावर बसलेला माणूस खडा घेऊन परत जात नाही. हे ऐकून मी मनातून फुगायचो.

सत्त्याऐंशी साली नूरिया आली. सतरा वर्षांची, पाणथळीतल्या बोरूच्या घरांतली. वडिलांनी तिला लांबट होडीतून आणलं होतं. अंगात ताप होता, आणि डाव्या मूत्रपिंडात एवढा खडा की क्ष-किरणाच्या फोटोत आल्याचा गड्डा ठेवल्यासारखा दिसत होता. अशा फांद्या फुटलेल्या खड्याला डॉक्टर लोक सांबरशिंगी खडा म्हणतात.

"हा आपण काढू," डॉ. हिकमत तिला म्हणाले. "पण पोरी, कूस लांब उघडावी लागेल. पाठीपासून पोटापर्यंत."

"काढा," ती म्हणाली. "हा ठेवून मी जगणार नाही."

तिला उजव्या कुशीवर निजवलं. उंट उठला. डॉक्टरांनी कूस उघडली, एका बरगडीचं टोक कापलं आणि मूत्रपिंड हातात घेतलं. त्याच्याकडे जाणारं रक्त चिमट्यानं थांबवलं. उकळून गोठवलेल्या पाण्याचा चुरा केलेला बर्फ त्याच्याभोवती रचला, म्हणजे रक्ताविना ते मरू नये. एक परिचारिका घड्याळाकडे बघून मिनिटं मोजत होती. बर्फाचा गारवा माझ्या पोलादापर्यंत पोहोचला आणि क्षणभर मला माझा कारखाना आठवला. मग डॉक्टरांनी मूत्रपिंड पाठीच्या कडेनं चिरलं आणि खडा अख्खा बाहेर आला, एकही फांदी न मोडता. ते खोलीतल्या प्रत्येकाला तो दाखवत होते. मुखपट्टीआडूनही त्यांचं हसू कळत होतं.

नूरिया चोवीस दिवस इस्पितळात राहिली. जाताना तिच्या घरच्यांनी म्हशीच्या दुधाच्या घट्ट सायीनं भरलेलं ताट आणलं. परिचारिकांनी गरम रोटीबरोबर ती साय खाताखाता माझं सुद्धा कौतुक केलं.

पण एक गोष्ट मला सहा वर्षांनी कळली. तिची कूस पुन्हा पहिल्यासारखी झालीच नाही. कापताना तिथली एक नस दुखावली होती. त्या बाजूचं पोट सैल पडलं, उभी राहिली की बाहेर यायचं. बांबू रेटून होडी चालवणं तिला जमेना. ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, 'आम्हाला म्हशींचा चारा कापणारी सून हवी.' मग सरकारनं पाणथळीच सुकवून टाकल्या, म्हशी विकल्या गेल्या, आणि तिच्या घरातली माणसं अमाऱ्याच्या वेशीवर येऊन राहिली. नूरिया डॉ. हिकमतांकडे आली आणि म्हणाली, "साहेब, बसून करायचं काही काम आहे?"

त्यांनी तिला शस्त्रक्रियेच्या खोलीत ठेवून घेतलं. हत्यारं धुवायची, कपड्यांच्या घड्या घालायच्या, मला पुसायचं. ओला फडका फिरवताना ती उंटाच्या फटीत अडकलेलं सगळं काडीनं काढायची. इतकं निगुतीनं मला तोवर कुणी पुसलं नव्हतं.

ती वर्षं हलाखीची होती. देशावर निर्बंध होते. टाक्यांचा धागा मिळेना, हातमोजे धुऊन पुन्हा वापरत. त्यातच माझा दांडा मोडला आणि उंट उठेना. कारखान्याला पत्र लिहून उपयोग नव्हता. तेव्हा नूरिया बाजारातल्या सबती नावाच्या, साबी पंथातल्या चांदीकारागिराला घेऊन आली. त्यानं आयुष्यभर बांगड्या आणि चहाचे चमचे घडवले होते. तो माझ्याखाली पाठीवर झोपला, सांधे चाचपत राहिला, मग म्हणाला, "बाई, हे तर फार जाडं काम आहे." पंधरा दिवसांनी तो पोलादी दांडा घेऊन आला. मुठीवर त्यानं बोरूची दोन पानं कोरली होती. कशासाठी, असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाला, "रिकामी मूठ मला बघवेना."

दिवस गेले. दोन हजार अकरा साली डॉ. इब्तिहाल आल्या. मूळच्या अमाऱ्याच्याच, डॉ. हिकमतांच्या हाताखाली शिकलेल्या, मग इजिप्तला जाऊन नवी विद्या घेऊन आलेल्या. त्या रोग्याला पालथं निजवत. पाठीत बोटभर रुंद भोक पाडत, त्यातून दुर्बीण मूत्रपिंडात घालत, आणि आतल्या आत ठोकून खड्याचा चुरा करत. पडद्यावर सगळं दिसायचं. बर्फ नाही, बरगडी नाही.

पहिल्याच दिवशी फिरत्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर मधोमध एक जाड काळा पट्टा दिसला. मूत्रपिंड त्याच्याआड दडलेलं.

"हे काय आडवं आलंय?" इब्तिहालनी विचारलं.

"बाई, तो उंट आहे," परिचारिका म्हणाली.

मित्रांनो, ज्या पट्टीमुळे माझं नाव झालं, तीच आता वाटेत येत होती. मग त्यांनी रोग्याला उलटं निजवायला सुरुवात केली, माझ्या पायथ्याकडे डोकं करून, म्हणजे मूत्रपिंड उंटावर येत नसे. त्या शस्त्रक्रियेत मूत्रपिंडातून सारखं पाणी खेळवत. ते माझ्या सांध्यांत झिरपलं आणि मी गंजू लागलो. नूरिया तेल घेऊन यायची आणि पुटपुटायची, "सोस बाबा, सोस. तुला आता कुणी उठवत नाही, पण मला तूच बरा."

त्याच वर्षी तिच्या भावाची मुलगी आजारी पडली. हौरा तिचं नाव. वय सतरा. खडा डाव्या बाजूला, आल्याच्या गड्ड्यासारखा. डॉ. हिकमत म्हणाले, "हे यांच्या घराण्याच्या रक्तातच आहे." आणि या मुलीचं उजवं मूत्रपिंड जन्मापासून लहान आणि अशक्त. सगळी भिस्त डाव्यावर.

फोटो बघायचा दिवा माझ्या शेजारच्या भिंतीवर होता, म्हणून सगळे तिथंच जमले. हौराचे वडील चासिब दारात उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही माझ्या ताईचा खडा अख्खा काढलात," ते हिकमतांना म्हणाले. "माझ्या पोरीचाही तसाच काढा. एकदाच काय ते. हे भोकातून डोकावणं आम्हाला नको."

"काका, मी सांगू का—" इब्तिहाल म्हणाल्या.

"आणि फोडायचाच असेल तर बगदादला न्या. आमच्या शेजाऱ्याचा खडा तिथं यंत्रानं बाहेरूनच फोडला. टाकासुद्धा नाही!"

"त्यांचा खडा हरभऱ्याएवढा असेल. हा बघा केवढा आहे. शिवाय हा जातीनं चिवट, बाहेरच्या धक्क्यांना दाद देत नाही. आणि फुटलाच, तर एवढा चुरा लघवीच्या बारीक नळीतून उतरणार कसा? मध्येच तुंबेल."

"मग त्याच नळीतून दुर्बीण घाला."

"तेवढी बारीक दुर्बीण आपल्याकडे नाही. असती तरी एवढ्या खड्याला चार-चार खेपा लागल्या असत्या."

चासिबनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही इथं अशी किती केलीत?"

"अकरा."

"अकरा!" चासिब म्हणाले. "अहो, आमच्याकडे म्हशी याहून जास्त होत्या!"

परिचारिका हसली. इब्तिहालही हसल्या असत्या, पण त्यांचे कान लाल झाले होते.

नूरिया मला पुसत होती. तिनं फडका खाली ठेवला. "चासिब, माझं ऑपरेशन झालं तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास. त्यानंतर माझा बांबू कुणी उचलला?"

"मी."

"किती वर्षं?"

चासिब बोटं मोजू लागले.

"साहेब," ती हिकमतांकडे वळली, "माझी कूस तुम्हीच उघडलीत, तुम्हीच शिवलीत. हजरत अब्बासची शपथ, तुमच्यावर माझा राग नाही. तेव्हा दुसरी वाट होती का?"

"नव्हती," हिकमत म्हणाले.

"आता आहे. मग दोन्ही वाटा सरळ सांगा. यातलं काही लपवू नका."

डॉ. हिकमत तेव्हा साठीला आले होते. ते माझ्या कडेवर टेकले. त्यांचं वजन मला ओळखीचं होतं.

"माझी वाट अशी," ते म्हणाले. "सगळं डोळ्यांसमोर. खडा एका बैठकीत निघतो, मागं बहुधा काही राहत नाही. पण कूस फाटते, मूत्रपिंड चिरलं जातं, आणि चिरलेलं मूत्रपिंड थोडं तरी दुबळं होतं. हिच्याकडे दुबळं व्हायला दुसरं शिल्लक नाही. आणि तुझ्या कुशीचं काय झालं ते मी अठरा वर्षं रोज बघतोय. इब्तिहालची वाट अशी. बोटभर भोक, चार-पाच दिवसांत पोर चालत घरी. पण एखादा तुकडा मागं राहू शकतो, पुन्हा आत जावं लागतं. आणि त्या भोकातून रक्त उसळलं तर दिसेनासं होतं. नाहीच थांबलं, तर शेवटी मलाच कूस उघडावी लागेल."

"तुम्ही कुठली निवडाल?"

त्यांनी आपले हात बघितले. "हे म्हणतात, उघड. पण ते तसंच म्हणणार. त्यांना तेवढंच येतं."

मग नूरिया म्हणाली, "तर असं करा. भोक हिनं पाडायचं. तुम्ही हात धुऊन, कपडे चढवून शेजारी उभं राहायचं. वेळ पडली तर उघडा. नाही पडली तर नुसते उभे राहा."

इब्तिहालनी मान खाली घातली. आपल्या गुरूंना असं कुणी सांगेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. हिकमत म्हणाले, "नुसतं उभं राहायचं. तीस वर्षांत कधी केलं नाही. बघू जमतंय का."

चासिबनी बहिणीकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

हौराला पालथं निजवलं, डोकं माझ्या पायथ्याकडे. पोटाखाली उशा दिल्या. हिकमत हात छातीशी धरून उभे राहिले. त्यांची हत्यारं वेगळ्या ताटात झाकून ठेवली होती. सुरुवात चांगली झाली. पडद्यावर पिवळसर खडा मेणासारखा चमकत होता. ठोकणाऱ्या सळईची टकटक माझ्या पायांपर्यंत येत होती. एकेक तुकडा बाहेर पडत होता.

तास झाला असेल. खड्याची एक फांदी फोडताना पडदा अचानक लाल झाला. पाणी वाढवलं, तरी लालच. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "नाडी वाढतेय. दाब उतरतोय."

सगळ्यांनी हिकमतांकडे पाहिलं. परिचारिकेनं त्यांच्या ताटावरचं फडकं उचललं. मला वाटलं, आता मुलीला कुशीवर वळवतील आणि उंटाला उठवतील. खोटं कशाला सांगू, मित्रांनो, माझ्या मनात क्षणभर आनंद झाला. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

"सर?" इब्तिहाल म्हणाल्या.

हिकमतांनी हात पुढे केला आणि परत मागे घेतला. "रक्ताचा रंग बघ," ते म्हणाले. "काळसर आहे ना? उसळी मारत नाही ना? मग ही शीर आहे, धमनी नव्हे. दुर्बीण काढ. जाड नळी घाल आणि तोंड बंद कर. आतलं रक्त आतच दाबून धरेल."

"आणि मग?"

"मग थांब. पोरी, सगळ्यात अवघड तेच असतं."

नळी घातली. चिमट्यानं बंद केली. रक्ताची एक पिशवी चढवली. दहा मिनिटं कुणी हललं नाही. शेजारच्या धुण्याच्या खोलीत नूरिया उभी होती. नळ सुरू होता आणि हातात काहीच नव्हतं. दाब सावरला. नाडी उतरली. हिकमतांनी आपल्या ताटावर पुन्हा फडकं टाकलं.

त्या दिवशी खडा अर्धाच निघाला. चासिब बाहेर चिडले. "म्हणजे पुन्हा? मी म्हणालो नव्हतो?" हिकमत त्यांना म्हणाले, "पुन्हा. पण त्याच भोकातून. नवी जखम नाही." पाच दिवसांनी उरलेला निघाला. दहाव्या दिवशी हौरा आपल्या पायांनी इस्पितळाच्या पायऱ्या उतरली, आणि महिन्याभरानं परीक्षेला बसली.

नंतर माझे दिवस भराभर उतरले. डॉ. हिकमत निवृत्त झाले. नवं टेबल आलं. ते विजेवर हलतं आणि क्ष-किरणांना त्याच्यातून आरपार दिसतं. मला जनित्राच्या खोलीत ढकलून दिलं. माझ्यावर रिकामे डबे ठेवले, कुणीतरी टायर टाकलं. दोन वर्षं मी डिझेलचा वास घेत होतो. मग नूरियानं सगळ्यांचं डोकं खाऊन मला मलमपट्टीच्या खोलीत आणवलं. टाके काढायला, नळ्या काढायला मी चालतो.

तीन वर्षांपूर्वी तिला स्वतःला पुन्हा खडा झाला. त्याच डाव्या, जुन्या जखमेच्या व्रणानं आवळलेल्या मूत्रपिंडात. आता तिचं वय वाढलं होतं, शरीर जड झालं होतं, पालथं निजलं की श्वास पुरत नव्हता. डॉ. इब्तिहाल आता विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी तिला नव्या टेबलावर उताणं निजवलं. कुशीखाली पाण्याची पिशवी ठेवून तेवढाच उठाव दिला. बाजूनं त्या स्वतः गेल्या, खालून, लघवीच्या नळीतून, दुसऱ्या डॉक्टरांनी बारीक दुर्बीण घातली. दोघांनी मिळून दीड तासात मूत्रपिंड साफ केलं. तिसऱ्या दिवशी नळी काढायला तिला माझ्याकडे आणलं.

डॉ. हिकमत काठी टेकत तिला बघायला आले होते.

"काय गं नूरिया," ते म्हणाले, "तू दोन्ही बघितलंस. आता सांग. माझं चांगलं की हिचं?"

"सर, पेशंटला असं विचारतात का!" इब्तिहाल हसल्या.

"हिचं," नूरिया लगेच म्हणाली. "यात विचारण्यासारखं काय आहे?"

हिकमत मोठ्यानं हसले. "बरं झालं, खोटं बोलली नाहीस."

नळी निघाली, पट्टी बसली. पण ती उठली नाही. छताकडे बघत म्हणाली, "पण साहेब, एक सांगू? आम्ही नऊ भावंडं. आईला मी कधी बसलेली पाहिलीच नव्हती. म्हशी, चारा, चटया, चूल. त्या चोवीस दिवसांत ती माझ्या उशाशी बसली. मला उठता येत नव्हतं, म्हणून तिलाही उठता येत नव्हतं. रोज माझे केस विंचरायची आणि तिच्या माहेरचं सांगायची. लहानपणी ती पाणकोंबड्या पकडण्यात पटाईत होती, हे मला तेव्हा कळलं. मग घरी गेलो आणि ती पुन्हा म्हशींमागे. पुढं तिच्याशी असं बोलणं कधी झालंच नाही. तेवढे चोवीस दिवस माझ्याकडे आहेत."

तेवढ्यात हौरा आत आली; दारातून तिनं थोडं ऐकलं होतं. ती आता शाळेत शिकवते. हातात गाडीची किल्ली होती. "आत्या, चल ना. गाडी दारातच आहे."

मग तिनं आत्याचा चेहरा बघितला. किल्ली पिशवीत टाकली, स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "पाणकोंबड्यांचं काय सांगत होतीस? आजीचं का?"

नूरिया सांगू लागली. बाहेर पुढचा रोगी वाट बघत होता, पण इब्तिहालनी दार हळूच लोटून घेतलं.

मित्रांनो, उन्हातून आलात की भरपूर पाणी प्या, म्हणजे माझ्यासारख्यांशी तुमची गाठच पडणार नाही. जुन्या वस्तूंवर टायर टाकू नका. आणि घरात कुणी आजारी पडलं, तर नवी वाट आहे का ते जरूर विचारा. डॉक्टर शहाणे होत चाललेत. जिथं चोवीस दिवस लागायचे तिथं आता तीन लागतात. मधले एकवीस दिवस तुमच्या हातात शिल्लक राहतात. त्यातले थोडे तरी त्या माणसाच्या उशाशी बसण्यात घालवा.